खिडकीतली पोरगी आणि गाण्याच्या वर्गातली पोरगी

(बीड जिल्ह्यातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात अंबाजोगाईला केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात बालविवाहाचा कायदा झाला. आता जेवणानंतर ताई सिनेमावर बोलणार असं सांगितल्यावर चार-पाच जणींनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं, ते मी पाहिलं. हसा. मला आज हसण्याबद्दलच बोलायचं आहे. आणि गाण्यांबद्दल.

आपल्या चळवळीनं गंभीर सिनेमावर भरपूर चर्चा केली. 'उंबरठा' १९८२ साली आला तेव्हापासून शिबिराशिबिरांतून आपण त्यावर बोललो. सुलभा महाजननं घर सोडलं ते बरोबर की चूक, यावर रात्र-रात्र वाद घातले. पण ज्या सिनेमांना आपल्या वस्तीतली माणसं पोट धरून हसतात, त्यांना आपण 'करमणूक आहे, सोडून द्या' म्हणत आलो. आता बघा, 'उंबरठा' गावात किती जणांनी पाहिला? आणि 'पडोसन' किती जणांनी? 'पडोसन'ची गाणी वरातीच्या बॅण्डवर वाजली, गणपतीच्या मंडपात वाजली, एस.टी.त ड्रायव्हरच्या टेपवर वाजली. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनाही ती पाठ आहेत. पोरांनी पोरीकडे कसं बघायचं, तिच्या मागं कसं लागायचं, हे शाळेत कुणी शिकवत नाही. ते कानातून शिरतं.

म्हणून दोन वर्षांपासून आम्ही एक साधा प्रयोग करतोय. केज, धारूर, वडवणी या भागातल्या काही गावांत रात्री प्रोजेक्टर घेऊन जातो. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधतो. पण सिनेमा दाखवण्याआधी प्रोजेक्टर बंद ठेवतो आणि फक्त गाणं ऐकवतो. अंधारात. मग विचारतो, कोण गातंय? कुणासाठी गातंय? आणि ज्या पोरीबद्दल हे चाललंय ती पोरगी कुठं आहे?

पहिलं गाणं 'पडोसन'मधलं, 'एक चतुर नार'. १९६८ चा सिनेमा, राहुलदेव बर्मनचं संगीत, राजेंद्रकृष्ण यांचे शब्द. मन्ना डे आणि किशोरकुमार यांची गाण्यातली कुस्ती. गाणं म्हणून ते फार बहारीचं आहे, हे मी आधीच सांगून टाकते. स्त्रीवादी झाले म्हणून माझे कान गेले नाहीत. शास्त्रीय ताना, बोबडे बोल, कुत्र्यामांजरागत आवाज, सगळं त्यात आहे. बायका हसून लोटपोट होतात. मग मी विचारते, कोण गातंय? एक आजी म्हणाली, "दोन कोंबडे झुंजायलेत." पोरगी कुठं आहे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका नववीतल्या मुलीनं सांगितलं, "ती खिडकीत असंल."

बरोबर. ती खिडकीतच आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. भोळा नावाचा तरुण शेजारच्या बिंदूवर भाळतो. बिंदूला गाण्याची आवड, आणि तिला शिकवायला येणारे मास्तरही तिच्यावर लट्टू. भोळ्याला गाता येत नाही. म्हणून त्याचा मित्र विद्यापती आडोशाला उभा राहून गातो आणि भोळा खिडकीत नुसते ओठ हलवतो. आपण 'पार्श्वगायन' हा शब्द रोज वापरतो. या सिनेमात त्या पार्श्वगायनाचीच गोष्ट करून टाकली आहे, आणि ती कल्पना खरोखर हुशारीची आहे. पण त्या हुशारीत पोरीची फसवणूक आहे. फसवणूक कळल्यावर बिंदू चिडते, ती चिडणारच. मग तिला वळवायला काय करतात? भोळ्यानं जीव दिला असं सोंग. ती रडत येते, आणि मेलेला उठून बसतो. सगळे हसतात. सुखान्त.

आत्ता सकाळीच आपण वाचलं की पाठलाग करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. 'तू हो म्हणाली नाहीस तर जीव देईन' असं म्हणणारी पोरं तुमच्यापैकी किती जणींच्या गावात आहेत, हात वर करा. (बहुतेक सगळ्यांनी हात वर केले.) ती पोरं 'पडोसन' बघून बिघडली असं मी म्हणत नाही. इतकं सोपं ते नसतं. पण हे वागणं गमतीचं आहे, यात कुणाचं काही जात नाही, शेवटी पोरगी मानतेच, हे त्यांना कुठून तरी ठाऊक झालेलं असतं.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकते. बिंदू गाणं शिकत होती. त्या शिकण्याचं सिनेमात पुढं काय झालं? तिचा गाण्याचा वर्ग हा दोन पुरुषांचा आखाडा झाला. ती गाते, लता मंगेशकरांच्या आवाजात गाते, मैत्रिणींबरोबर सायकलवरून जाताना लता आणि आशा या दोघींच्या आवाजातलं एक गोड गाणंही आहे. आमच्या मुलींना ते सायकलचं गाणं फार आवडतं. पण गोष्ट जिथं ठरते, जिथं सामना होतो, तिथं पोरगी प्रेक्षक आहे. आणि बक्षीसही.

आता दुसरं गाणं. हेही अंधारातच ऐकवतो. 'कहाँ से आए बदरा', 'चश्मे बद्दूर'मधलं. येसुदास आणि हेमंती शुक्ला यांनी गायलेलं. इथं बायका हसत नाहीत, गप्प होतात. कोण गातंय? "एक बाई नि एक बाप्या." कुणासाठी? एक जण म्हणाली, "कुणासाठीच नाही, त्यांचं त्यांचं चाललंय." पोरगी कुठं आहे? सगळ्या एकदम म्हणाल्या, "गातेय की तीच!"

मग दिवा लावून मी सांगते की ही मुलगी गाण्याच्या वर्गात बसली आहे, शेजारी तिचे गुरुजी आहेत. तिच्या मनात दुःख आहे, कारण तिच्यावर प्रेम करणाऱ्या मुलानं काही न सांगता तिला सोडलंय. ते दुःख ती बागेत झाडाला टेकून गात नाही. शिकता शिकता गाते. इथंही गाण्याचा वर्ग आहे, इथंही मास्तर आहे. पण हे मास्तर तिच्यावर डोळा ठेवून नाहीत. विनोद नागपाल यांनी ते काम किती साधेपणानं केलंय बघा. वर्ग तिचा आहे आणि आवाजही तिचा आहे.

'चश्मे बद्दूर' १९८१ चा. हाही विनोदीच सिनेमा. दोन्हीतला फरक कुठून आला, हे समजून घ्यायला त्याच्या मागचं थोडं सांगायला हवं.

सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला सई परांजपे यांनी. गाणी लिहिली इंदू जैन या हिंदीतल्या कवयित्रीनं. 'स्पर्श'ची गाणीही त्यांचीच होती आणि पुढं 'कथा'चीही. संगीत राजकमल यांचं. म्हणजे गोष्ट एका बाईची आणि शब्द दुसऱ्या बाईचे. हिंदी सिनेमात त्या काळी हे किती दुर्मीळ होतं ते सांगायला नको. अजूनही फार बदललंय असं नाही. सईताई मूळच्या आकाशवाणीच्या. पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून त्यांनी काम सुरू केलं, नंतर दिल्लीला दूरदर्शनवर गेल्या. 'चश्मे बद्दूर'चं मूळ त्यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या 'धुआँ धुआँ'मध्ये आहे. रेडिओवर काम केलेल्या माणसाला आवाजाची किंमत ठाऊक असते. गाणं कुठं घालायचं आणि कुठं नाही, हे तिथं शिकायला मिळतं.

त्यांच्या आईचं नाव शकुंतला परांजपे. तुमच्यापैकी कुटुंब नियोजनावर काम करणाऱ्या जणींनी हे नाव ऐकलं असेल. र. धों. कर्व्यांच्या काळात, लोक थुंकत होते तेव्हा, संततिनियमनाचं काम करणारी बाई. पुढं त्या राज्यसभेवर गेल्या. या शकुंतलाबाईंनी १९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'मध्ये कामही केलं होतं. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या सुधारक मुलीचं. 'कुंकू' म्हणजे जरठकुमारी विवाहाची गोष्ट. शांता आपटेची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. त्या सिनेमाची खासियत अशी की शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत घातलंच नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. गाणी आहेत, पण ती माणसं खरोखर गात असतात तेव्हा. आणि शांताबाई स्वतःच्याच गळ्यानं गातात. आईनं काम केलेल्या सिनेमाचा लेकीच्या सिनेमाशी थेट संबंध जोडायचा माझा हट्ट नाही. पण मला दोन्ही एकापाठोपाठ एक ऐकायला आवडतात.

आता गोष्टीकडे येते, कारण माझं म्हणणं तिथं आहे.

दिल्लीत एका खोलीत तीन विद्यार्थी राहतात. सिद्धार्थ अभ्यासू. ओमी आणि जोमो हे दोघे रिकामटेकडे, भिंतीवर नट्यांची चित्रं चिकटवणारे, पोरींच्या मागं फिरणारे. शेजारात नेहा नावाची मुलगी राहायला येते. आधी हे दोघे आपापल्या परीनं तिला पटवायला जातात. दोघांचीही फजिती होते. पण परत येऊन ते काय सांगतात? की पोरगी पटली! आणि नुसतं सांगत नाहीत, रंगवून सांगतात. ती खोटी कहाणी आपल्याला पडद्यावर दिसते. त्यात नेहा नटीसारखी नटते, गाते, लाडात येते, सगळं अगदी हिंदी सिनेमातल्या प्रेमगीतासारखं. कारण सांगणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही नाहीच. त्याच्या डोक्यात सिनेमाची गाणी भरलेली आहेत, तेच तो ओततो. खरी नेहा कशी आहे हे त्याला ठाऊकसुद्धा नाही.

ही सगळी थट्टा आहे, आणि ती कुणाची आहे? पोराची! पोरीची नाही. हिंदी सिनेमात मी असं फार कमी वेळा पाहिलंय. सिनेमाची गाणीच वापरून सईताई सिनेमाच्या गाण्याची टोपी उडवतात. खऱ्या नेहाचं गाणं वर्गातलं, आणि खोट्या नेहाचं गाणं पोरांच्या थापेतलं. ज्याला ऐकायचं त्याला दोन्हींतला फरक कानानं कळतो.

आणि खरी नेहा सिद्धार्थला कशी भेटते? ती दारात येते कपडे धुण्याची पावडर विकायला. 'चमको' पावडर. मळका कपडा धुऊन दाखवणारी, पायपीट करणारी, कामाला निघालेली मुलगी. आमच्या मुलींना यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एकीनं मला विचारलं, "तिला पगार किती असंल?" एवढं सगळं प्रेमप्रकरण सोडून तिचं लक्ष पगारावर!

पुढं काय होतं? सिद्धार्थ आणि नेहाचं जमतं, तेव्हा या दोघांना जळफळाट होतो. आणि मग त्या थापा, ज्या आतापर्यंत गंमत होत्या, त्या हत्यार होतात. नेहा तसली आहे, असं ते त्याच्या मनात भरवतात. आणि तो अभ्यासू, सरळमार्गी, चांगला मुलगा ते मानतो. तिला तोडून टाकतो.

इथं आम्ही सिनेमा थांबवतो.

इथं मी तुम्हाला धारूरच्या डोंगरातल्या एका वस्तीवरची गोष्ट सांगणार आहे. गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असं थोडं बदलून सांगते. मुलगी दहावीत. आई-बाप दसरा झाला की कोयता घेऊन तोडीला जातात, कारखान्याच्या फडात. मुलगी आजीजवळ. रोज वस्तीवरून चालत फाट्यावर यायची, तिथून एस.टी.नं शाळेत. फाट्यावरच्या टपरीवर पोरं बसलेली असायची. त्यातल्या एकानं एक दिवस मित्रांना सांगितलं की ती माझ्याशी बोलते. दुसऱ्या दिवशी त्यात भर घातली. मग कुणीतरी शाळेच्या कार्यक्रमातला तिचा फोटो घेतला, त्यामागं सिनेमाचं गाणं लावलं आणि मोबाईलवर ठेवून दिला. तीस सेकंदांची गोष्ट. त्यात मुलगी काहीच करत नाही, नुसती उभी आहे. पण मागं गाणं वाजतंय ना! गाणं वाजलं की बघणाऱ्यानं गोष्ट स्वतःच पुरी केली.

ते आजीपर्यंत आलं, चुलत्यापर्यंत आलं, आणि फोननं फडावरच्या बापापर्यंत गेलं. बापानं काय करावं? चारशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत बसलाय, मुकादमाची उचल अंगावर आहे, काम सोडून येता येत नाही. पंधरा दिवसांत स्थळ ठरलं. मुलाकडच्यांनाही घाईच होती, कारण एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, जोडी झाली की उचल पुरी मिळते. तुम्हाला हे मी काय सांगायचं.

कुणीतरी १०९८ ला फोन केला. ग्रामसेवक आले, पोलीस आले, लग्न थांबलं. कागदावर आपण ते यशात धरलं. पण मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही. त्याच हंगामात आई-बापाबरोबर तोडीला गेली, मोळ्या बांधायला. टपरीवरचा मुलगा त्याच टपरीवर होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण त्यानं केलं काय? तो फक्त बोलला होता.

२०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांमागे ४० हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्याची कारणं आपण सांगतो, दुष्काळ, उचल, हुंडा, शाळेचं अंतर. सगळी खरी आहेत. पण गावोगाव आयांना विचारलं की त्या आणखी एक शब्द वापरतात, 'नाव निघालं'. पोरीचं नाव निघालं. कुणी काढलं, कसं काढलं, हे वाक्यात कुठंच नसतं. जसं काही नाव आपोआप निघतं, वारा सुटावा तसं. 'चश्मे बद्दूर'मध्ये नाव कसं निघतं ते पायरी-पायरीनं दाखवलंय. कोण बोललं, का बोललं, फजिती झाकायला बोललं की जळून बोललं, ऐकणाऱ्यानं का मानलं. मला हा सिनेमा जवळचा वाटतो तो यासाठी.

सिनेमा थांबवून आम्ही विचारतो, आता काय व्हायला पाहिजे होतं? एका गावी एक सत्तरीची बाई उठून उभी राहिली आणि पडद्याकडं हात करून म्हणाली, "आरं, त्या पोरीला जाऊन इचार की! शेजारीच तर घर हाय तिचं. एवढा शिकलेला, नि जिना उतरंना व्हय?" मी या सिनेमावर बरंच वाचलंय, पण याहून नेमकी टीका मला कुठं मिळाली नाही.

कारण सिनेमा इथंच आपल्याला थोडा फसवतो. ते मला स्पष्ट बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाईनं केलेला सिनेमा म्हणून ताईंनी सगळं माफ केलं. सिद्धार्थ नेहाला विचारत नाही, हा त्याचा गुन्हा सिनेमाला पुरेसा गुन्हा वाटत नाही. तो दुःखी होतो, म्हणून आपल्याला त्याचीच कीव येते. मित्रांना पश्चात्ताप होतो, मग ते दोघांना पुन्हा एकत्र आणायच्या खटपटी करतात. नेहाची आजीही त्यात सामील होते. तिला पळवून नेल्याचं नाटक करायचं ठरतं, आणि नेमके खरे गुंडच तिला पळवतात. इथं प्रेक्षक हसतो. आमच्याकडं कुणी हसलं नाही. मुली गप्प बसल्या होत्या. बीडच्या मुलीला पळवून नेण्यात विनोद दिसत नाही, आणि तो दिसावा असा आग्रह मी धरणार नाही. दोन वर्षांनी आलेल्या 'कथा'मध्ये सईताई याच्या पुढं गेल्या, असं माझं मत आहे. शं. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावरचा तो सिनेमा. तिथं बाशू संध्याला फसवून निघून जातो, आणि ती आपलं त्याच्याशी काय झालं होतं ते राजारामला स्वतःच्या तोंडानं सांगते. तो तिच्याशी लग्न करतो, उपकार केल्याचा आव न आणता. तिथं निदान बोलणारी ती आहे. पण 'कथा'वर बोलायला वेगळा दिवस लागेल. ती चाळ, ते चाळीतलं एकमेकांच्या घरात डोकावणं, हे सगळं आपल्या वस्तीला लागू पडतं.

नावाबद्दल एक सांगते. 'चश्मे बद्दूर' हे फारसी बोलणं, अर्थ असा की वाईट नजर दूर राहो. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतो ना, तेच. बीड शहरातल्या आमच्या एका मुस्लीम मैत्रिणीनं सांगितलं की त्यांच्याकडं लेकराचं कौतुक करताना आजही हे तोंडात येतं. तिनं लगेच विचारलंही, "नजर लागू नये म्हणून पोरीला घरात ठेवायचं, की नजर टाकणाऱ्याला घरात ठेवायचं?" सगळ्या हसल्या. एवढं मोठं हसू त्या दिवशी सिनेमालाही आलं नव्हतं.

काही जणी मला म्हणतात, ताई, हिंदी सिनेमा कशाला, आपली गाणी काय कमी आहेत? खरं आहे. आपल्या जिल्ह्यात बाईला स्वतःची गोष्ट गाण्यात सांगायची पद्धत होती, जात्यावर. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. १९९० च्या दशकात त्या ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज कुणालाही ऐकता येतात. त्या ऐका. घरघर जात्याची आणि वर बाईचा आवाज. सासर, माहेर, भाऊ, भीम, सगळं ती आपल्या तोंडानं सांगते. तिच्याबद्दल टपरीवर बसलेला माणूस सांगत नाही. पण जातं गेलं, गिरणी आली, आणि गिरणीच्या आवाजात कुणाला गाता येत नाही. त्या जागेवर रेडिओ आला, मग टेप, मग डीजे, आता मोबाईल. त्या सगळ्यातून येणारी गाणी बहुतेक पुरुषानं लिहिलेली, पुरुषानं चाल लावलेली, बाईबद्दलची. म्हणून मुली जे ऐकतात तेच घेऊन बसावं लागतं. ओवीचा वर्ग घेतला तर आज्या येतात. प्रोजेक्टर लावला तर नाती येतात, आणि त्यांच्यामागं आज्याही येतात.

पोरांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. दोन गावांत आम्ही पोरांनाही बोलावलं. ओमी-जोमोच्या फजितीला ती मनापासून हसली. सिनेमा थांबवला तेव्हा चुळबुळ सुरू झाली. 'तुमच्यापैकी कुणी अशी थाप मारली आहे का' असं आम्ही विचारत नाही, ते कुणी कबूल करत नाही. आम्ही विचारतो, असली थाप तुम्ही ऐकली तेव्हा काय केलंत? एक मुलगा म्हणाला, "हसलो." पुढं? "पुढं म्हंजे... दुसऱ्याला सांगितलं." तो अकरावीत होता आणि त्याची बहीण मागच्या ओळीत बसली होती. ती काही बोलली नाही. पण घरी जाताना ती त्याच्याशी बोलत होती, ते आम्ही जीपमधून पाहिलं. काय बोलली ते ठाऊक नाही.

आता कामाचं. ज्यांना हा खेळ आपल्या गावात लावायचा असेल त्यांनी दसऱ्याच्या आतली तारीख धरा. दसरा झाला की टोळ्या निघतात, मग गावात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात, आणि आपल्याला आई-बाप समोर हवे आहेत. सिनेमा दोन तासांहून जास्त चालतो, शिवाय थांबवून बोलायचं, म्हणजे तीन-साडेतीन तास धरा. वीज जाते तेव्हा बॅटरी भरून ठेवा. आधी अंधारात गाणी ऐकवायला विसरू नका, आणि 'पडोसन'चं गाणं आधी लावा, 'चश्मे बद्दूर'चं नंतर. उलटं केलंत तर गप्प झालेल्या बायका पुन्हा हसत नाहीत. चादर आमच्याकडं दोन आहेत. एकीला मधोमध शिवण आहे, ती नेहाच्या तोंडावर येते, म्हणून शक्यतो दुसरी घ्या. तारखा आजच वहीत लिहून जा.